जळोचीच्या मूर्खांची थोरवी

जळोचीत अजून काही मूर्ख माणसं शिल्लक आहेत आणि त्यांच्याविषयी कोणी चांगलं लिहीत नाही, म्हणून हा लेख. शहाण्यांच्या कौतुकाला बारामतीत भिगवण चौक आहे, तीन हत्ती चौक आहे. तिथे फ्लेक्स लागतो, ‘उच्च शिक्षणासाठी लंडनला रवाना झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, आणि खाली शुभेच्छुकांचे गोल-गोल फोटो. मूर्खाचा फ्लेक्स कोणी लावत नाही. तो पोरीला परदेशी पाठवण्याआधी वही घेऊन बसतो, बेरीज करतो, जुळली नाही की पुन्हा करतो. तोवर शेजारच्या पोराचा विमानतळावरचा फोटो सगळ्या भावकीत फिरून आलेला असतो. मग बाया-माणसं म्हणतात, याला काय कळत नाही, पोरीचं वय चाललंय आणि हा पेन्सिल घेऊन बसलाय.

मला या माणसांविषयी मनापासून आदर आहे. पुढे ‘मूर्ख’ हा शब्द जिथे जिथे येईल, तिथे तो लोकांनी दिलेला आहे. आदर माझा आहे.

जळोची आता म्हणायला गाव. बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आली, बाजार समितीचा उपबाजार इथे आला, एमआयडीसी हाकेच्या अंतरावर. ज्या रानात कालपर्यंत ऊस आणि तरकारी होती तिथे प्लॉटचे दगड उभे राहिले. शिक्षणाची भूकही इथे जुनी आहे. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ चं, विद्या प्रतिष्ठान १९७२ चं. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पिकलेल्या पैशातून एका पिढीनं पोरं कॉलेजात घातली, दुसरीनं पुण्याला धाडली, आता तिसरी लंडन-टोरंटो म्हणते. यात वावगं काहीच नाही. ज्या घरात आजीचा अंगठा होता त्या घरातली नात मँचेस्टरला एम.एससी. करते, याचा अभिमान कोणालाही वाटावा. माझा राग जाण्यावर नाही. न मोजता जाण्यावर आहे, आणि मोजणाऱ्याला हसणाऱ्यांवर आहे.

तालुक्याच्या गावात आता परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारी ऑफिसं झाली आहेत. सल्ला मोफत. अशा ऑफिसात एक किराणा दुकानदार पोराला घेऊन गेला आणि त्यानं पहिलाच प्रश्न मूर्खासारखा विचारला, ‘साहेब, तुम्ही जागेचं भाडं भरता, एसी लावता, चहा पाजता आणि माझ्याकडून काही घेत नाही. मग तुम्हाला देतं कोण?’ पोरगा शरमेनं खाली बघायला लागला. पण प्रश्न बरोबर होता. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडातली कितीतरी विद्यापीठं आणि कॉलेजं विद्यार्थी आणून देणाऱ्याला कमिशन देतात. ते फीच्या टक्क्यात मोजतात. म्हणजे फी जितकी जास्त तितकं कमिशन जास्त. यात बेकायदा काही नाही. पण ज्या विद्यापीठाकडून काहीच सुटत नाही त्याचं माहितीपत्रक त्या टेबलावर का नसतं, हे दुकानदाराला एका क्षणात कळलं, कारण ज्या मालावर मार्जिन जास्त तो माल त्याच्याही दुकानात पुढच्या फळीवर असतो. घरी आल्यावर बायको म्हणाली, चारचौघांत पोराची लाज काढली. मी म्हणतो, त्या दिवशी त्या खोलीत आपलं काम चोख करणारा तो एकटाच होता.

त्याचा दुसरा प्रश्न कामाचा होता. या ऑफिसांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘फीचं तेवढं बघा, राहायचं-खायचं तिथे काम करून निघतं.’ शहाणा मान हलवतो. मूर्ख विचारतो, आठवड्याला किती तास आणि तासाला किती?

आता तेच बघू. ब्रिटनमध्ये पदवी किंवा त्यावरचं शिक्षण घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार. या आठवड्यात १४, पुढच्यात २६, सरासरी २०, असली सरासरी तिथे चालत नाही. बी.एससी. करणाऱ्याला उन्हाळ्याची सुट्टी असते, तेव्हा तो पूर्णवेळ राबू शकतो. एक वर्षाच्या मास्टर्सचा उन्हाळा प्रबंध लिहिण्याचा असतो, तो सत्रातच धरतात, म्हणून तिथेही २० च. स्वतःचा धंदा करायला मनाई आहे, आणि ॲपवरून घरोघर जेवण पोचवण्याचं काम सहसा याच मनाईत येतं. आपल्याकडची पोरं जायच्या आधी ज्या कामाचं नाव सगळ्यात जास्त घेतात, नेमकं तेच.

किमान वेतन २१ वर्षं आणि त्यावरच्याला एप्रिल २०२६ पासून तासाला १२.७१ पौंड. २० तासांचे आठवड्याला २५४, महिन्याचे साधारण ११०१ पौंड. आणि तेच ब्रिटिश सरकार व्हिसा देताना सांगतं की लंडनबाहेर राहायला महिन्याला ११७१ पौंड लागतील, लंडनमध्ये १५२९, आणि नऊ महिन्यांचे असे १०,५३९ किंवा १३,७६१ पौंड आधी खात्यात दाखवा. म्हणजे ज्यांनी २० तासांची रेघ ओढली त्यांच्याच आकड्यांनी, एकही आठवडा आजारी न पडता, एकही पाळी न चुकवता काम केलं, तरी लंडनबाहेर महिन्याला ७० पौंड कमी पडतात आणि लंडनमध्ये सव्वाचारशेच्या वर. फीचा यात अजून एक पैसाही आलेला नाही. काम पहिल्याच आठवड्यात मिळालं असंही धरलेलं आहे, जे सहसा मिळत नाही. हे आकडे कोणी कोणापासून लपवलेले नाहीत. ते फक्त एकाशेजारी एक ठेवावे लागतात, आणि ते ठेवायला मूर्ख लागतो.

आमच्या एका आप्पांनी ते ठेवले. साखर कारखान्याच्या काटापावतीच्या पाठीमागे कोरी जागा असते, तिथे. फी १८ हजार पौंड धरली. वर्षाचं राहणं-खाणं लंडनबाहेरच्या दरानं १४,०५२. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६, पण एका वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा अभ्यासक्रमापेक्षा चार महिने जास्त मिळतो, त्याचाही अर्धा धरून १,१६४. एकूण ३३,२१६ पौंड. पौंड ११५ रुपयांना धरला. झाले ३८ लाख २० हजार. विमानाचं तिकीट, व्हिसाची फी, गरम कपडे हे सगळं बाहेर. मग आप्पांनी पावती उलटी केली. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. म्हणजे पोरीचं एक वर्ष १,०७६ टन उसाचं. एकरी ४० टन धरला तर २७ एकर. त्यातून तोडणी-वाहतूक कापायची, खतं, मजुरी, सोसायटी वेगळी. आप्पांचं रान तीन एकर. त्यांचा अख्खा ऊस नऊ वेळा तुटून गेला आणि घरात एक रुपया खर्च झाला नाही, तरच बेरीज जुळते. आणि वेळेचं म्हणाल तर आडसाली ऊस तोडीला यायला सोळा ते अठरा महिने, ब्रिटनची मास्टर्स बारा महिन्यांत संपते. पोरगी ज्या दिवशी गेली त्या दिवशी लावलेला ऊस ती पदवी घेईल तेव्हाही रानातच उभा.

आप्पांनी पावती पोरीच्या हातात दिली. ‘जायचं नाही असं मी म्हणत न्हाई,’ ते म्हणाले. ‘ह्यातलं कमी काय काय हुतं, ते तू सांग.’ मला या वाक्यासाठी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. नाही म्हणणारे बाप ढिगानं आहेत. हो म्हणून कर्जात बुडणारे त्याहून जास्त. ‘कमी काय होतं ते तू सांग’ म्हणणारा हजारात एखादा, आणि त्याला नातेवाईक कंजूष म्हणतात. पोरीनं तीन दिवसांनी उत्तर आणलं. लंडन नको, उत्तरेकडचं शहर. आधी एक वर्ष एमआयडीसीत नोकरी, तो पगार बाजूला. आणि शिष्यवृत्त्यांचे अर्ज, मिळाल्या तर जायचं, नाही मिळाल्या तर आणखी एक वर्ष. मावशीनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला, ‘अगं, तोवर लग्नाचं काय?’

कर्जाचं प्रकरण याहून अवघड. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात. शेतकऱ्याला वाटतं, आपल्याकडे रान आहे, सातबारा दाखवू. बँक म्हणते, रान नको, घर द्या. याचं कारण २००२ च्या सरफेसी कायद्यात आहे. त्या कायद्यानं बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायची मुभा दिली, पण शेतजमीन त्यातून वगळली. जी वस्तू उचलून नेता येत नाही तिच्यात बँकेला रस नाही. मग शहाणी माणसं काय करतात? जळोचीसारख्या ठिकाणी ते सोपं झालंय. गुंठे विकायचे. दर बरा मिळतो, चार दिवसांत टोकन येतं. कायद्यानं जे रान बँकेपासून वाचवलं ते आपणच विकून मोकळं व्हायचं. आणि मूर्ख? तो म्हणतो, बँक जी जमीन नेऊ शकत नाही ती मीही देणार नाही, काय द्यायचं ते घरावर देतो, म्हणजे डोक्यावरचं छप्पर आठवण करून देत राहील.

अशाच एका घरात सही अडली. घराच्या उताऱ्यावर आईचंही नाव होतं. बँकेचा माणूस कागद घेऊन आला, बापाची सही झाली, पोराची झाली, आणि आई म्हणाली, ‘थांबा. काम न्हाई मिळालं तर हप्ता कोण भरणार, ते आधी ल्याहा.’ बँकवाला हसला. पोरगा म्हणाला, आई, मिळेल गं. आई म्हणाली, ‘मिळंल तर मिळंल. न मिळाल्यावरचं ल्याहा.’ दीर म्हणाला, बाईमाणसाला यातलं काय कळतं. ती चौथी शिकलेली. पण तिच्या प्रश्नाचा आकडा काढून बघा. ३० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज. शिक्षणाचं एक वर्ष आणि वरची सवलतीची मुदत, अशी दोन वर्षं हप्ता नाही म्हणून सगळे निश्चिंत असतात. पण व्याज निजत नाही. दोन वर्षांचं साधं व्याज ६ लाख ३० हजार. ते मुद्दलात घातलं की ३६ लाख ३० हजार, आणि दहा वर्षांच्या फेडीला महिन्याचा हप्ता सुमारे ४९ हजार. परत येऊन पुण्यात पहिली नोकरी धरणाऱ्या पोराला हा हप्ता झेपेल का, हे ज्या बाईनं विचारलं तिच्यापेक्षा जास्त अक्कल त्या खोलीत कोणाकडे होती, ते मला सांगा. शेवटी पोरानं एका वहीच्या पानावर लिहून दिलं. काम न मिळाल्यास सहा महिन्यांत परत, आल्याबरोबर मिळेल ती नोकरी, आणि धाकट्या बहिणीच्या शिक्षणाच्या पैशाला या हप्त्यासाठी हात लावायचा नाही. मग आईनं सही केली. ते पान देवघरातल्या डब्यात आहे.

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात आधी मूर्खाची लक्षणं सांगितली आणि दशक संपवताना पढतमूर्खाची. शिकलेल्या मूर्खासाठी त्यांना वेगळा समास लिहावा लागला, हे मला या आईच्या निमित्तानं पुन्हा पटलं.

आता व्हिसाच्या पैशाविषयी. ब्रिटनचा नियम असा की ती रक्कम सलग २८ दिवस खात्यात पाहिजे. यावर आपल्याकडे तोडगा निघाला आहे. २८ दिवसांसाठी पैसे फिरवून देणारे भेटतात, व्याज कापून घेतात, काम झालं की रक्कम परत. शहाणे म्हणतात, नुसता दाखवायचाच तर आहे. एका मूर्ख मामांनी भाच्याला विचारलं, ‘दाखवून परत केल्यावर तिथं खाणार काय?’ भाचा म्हणाला, काम करणार. मामा म्हणाले, मग तासाचा हिशेब मांड. मांडला, आणि वर आलेला खड्डा पुन्हा तिथेच दिसला. २८ दिवसांचा नियम आपल्याला अडवायला केलाय असं पोरांना वाटतं. खरं तर तू उपाशी राहणार नाहीस ना, एवढाच तो प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नाला खोटं उत्तर देऊन फसतो कोण, तर स्वतःच. शिवाय खोटी कागदपत्रं उघडी पडली तर दहा-दहा वर्षं त्या देशाचं दार बंद होऊ शकतं. मामांनी स्वतःची ठेव मोडून अर्धी रक्कम दिली, उरलेली जमेपर्यंत पोराला सप्टेंबरचा प्रवेश जानेवारीवर ढकलायला लावला. चार महिने पोरगा मामांशी बोलला नाही.

आणि ज्या गेल्या त्यांच्यातही मूर्ख आहेत. एक पोरगी वृद्धांच्या काळजीघरात काम करते. तिच्या फोनमध्ये एक तक्ता आहे, तो तिनं आईला पाठवला होता, मी पाहिला. सोम ४, बुध ४, शुक्र ४, शनि ८. खाली रेघ, २०. प्रत्येक आठवड्याला अशीच रेघ. एका रविवारी मॅनेजरनं फोन केला, दोघी आजारी आहेत, ये, आजचे रोख देतो. घरातल्या बाकीच्या चौघी म्हणाल्या, जा की ताई, कोण बघायला बसलंय? ती गेली नाही. म्हणाली, आईनं घरावर सही केलीये. त्या दिवशी तिच्या हातचे शंभरेक पौंड गेले, म्हणजे आठवडाभराचं वाणसामान आणि वर काही. जेवणाच्या टेबलावर तिला वेडी ठरवण्यात आलं.

तिला कायदा ठाऊक होता. मर्यादा मोडली तर व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की पदवी, कर्ज, घर सगळं एका दोरीनं ओढलं जातं. बेकायदा काम देणाऱ्या मालकाला फेब्रुवारी २०२४ पासून एका कामगारामागे ४५ हजार पौंडांपर्यंत दंड आहे, पुन्हा सापडला तर ६० हजारांपर्यंत. एवढा धोका पत्करून तो रोख का देतो? कारण एकविसाव्या तासाला राबणारी मुलगी तक्रार करू शकत नाही, हे त्याला माहीत असतं. रोखीचा दर किमान वेतनाच्या खाली घसरतो तो याचमुळे. कमी दिले, उशिरा दिले, दिलेच नाहीत, तरी ती कुठे जाणार? म्हणजे ज्या तासांमुळे पोरं श्रीमंत होणार असं सांगितलं जातं तेच तास सगळ्यात स्वस्त विकले जातात. विसाव्या तासाला थांबणारी ती पोरगी आपल्या उरलेल्या वीस तासांची किंमतही राखते. मला तिचा तक्ता पाहून भरून आलं. असल्या मूर्खपणावर सही करायला मी कधीही तयार आहे.

इतर देशांचं थोडक्यात. कॅनडानं नोव्हेंबर २०२४ पासून आठवड्याला २४ तास केले, आणि दाखवायची रक्कम १० हजार डॉलरवरून आधी २०,६३५ वर नेली, मग सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ वर. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, आणि व्हिसाची फी दोन वर्षांत ७१० वरून १,६०० आणि मग २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर. अमेरिकेत सत्रात आठवड्याला २० तास आणि पहिल्या वर्षी तेही विद्यापीठाच्या आवारातच. ब्रिटननं जानेवारी २०२४ पासून शिकवणीच्या मास्टर्सवाल्यांना जोडीदार आणणं बंद केलं. पदवीनंतर तिथे राहून काम करायला मिळणारी दोन वर्षांची मुभा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षाची होणार, आणि कुशल कामगाराच्या व्हिसाला साधारण पगार जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंडांचा लागतो, नवख्यांना थोडी सूट. ज्याचा भाऊ २०२१ ला गेला आणि स्थिरावला त्याच्या अनुभवावर २०२६ ला जाणं शहाणपणाचं समजतात. मूर्ख दर वर्षी नव्यानं विचारतो.

इंदापूर तालुक्यातला एक पोरगा तर इतका मूर्ख निघाला की जर्मन भाषा शिकायला पुण्यात दोन वर्षं राहिला. सकाळी नोकरी, संध्याकाळी क्लास. त्याचे मित्र सहा महिन्यांत उडाले, हा अजून क्रियापदं घोकत होता. पण जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फीच नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात बाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो, म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानं अलीकडे जास्त लावली, असे अपवाद आहेत, ते त्यानं आधीच टाळले. वर्षाचे ११,९०४ युरो अडकवून ठेवावे लागतात, युरो १०० रुपये धरला तर जवळजवळ १२ लाख, पण ते आपलेच, महिन्याला ९९२ असे परत मिळतात. कामाची मुभा वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस, आणि भाषा येत असल्यानं त्याला मिळालेलं काम भांडी घासण्याचं नव्हतं. ज्या रस्त्यावर कमिशन नाही त्या रस्त्याची माहिती त्याला कोणत्याच टेबलावर मिळाली नाही. ती त्यानं स्वतः शोधली.

या मूर्खांना पूर्वज नाहीत असं नाही. भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. तिथून लंडनला गेले आणि मुदत संपल्यानं १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतले. पुस्तकं दुसऱ्या बोटीनं येत होती, ती बोट युद्धात बुडाली. मग त्यांनी काय केलं? लंडनमध्ये कसंतरी निभेल म्हणून तसेच निघाले नाहीत. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली, पगारातून साठवलं, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राकडून ५ हजार रुपये उसने घेतले, आणि १९२० मध्ये परत गेले. हातातली सरकारी प्राध्यापकी सोडून, घरी बायको-मुलं ठेवून. त्या वेळी चाळीतल्या किती जणांनी याला वेडेपणा म्हटलं असेल. १९२३ मध्ये ते लंडनची डी.एससी. आणि बॅरिस्टरी घेऊन मुंबईत होते. मधली ती दोन-तीन वर्षं थांबणं, साठवणं, मोजणं, त्याविषयी भाषणांत कोणी बोलत नाही. बोटीत चढणं तेवढं सांगतात. आज महाराष्ट्र सरकारची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची परदेश शिष्यवृत्ती राजर्षी शाहूंच्याच नावानं आहे, वर्षाला ७५ जागा. एवढ्या मोठ्या राज्याला ७५. त्यासाठी दोन-दोन वर्षं अर्ज करत थांबणाऱ्यांनाही गावात ‘अजून इथंच का?’ असं विचारतात.

न गेलेल्यांविषयीही दोन शब्द. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या साथीनं उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. एका पोराला ब्रिटनमधलं प्रवेशपत्र आलेलं होतं, बेरीज जुळली नाही, तो गेला नाही. आता जमिनीतला ओलावा मोजणारी यंत्रं उसाच्या सरीत लावतो आणि शेतकऱ्यांना मोबाइलवर आकडा समजावून सांगतो. त्याचा मामा अजून म्हणतो, संधी घालवली. मला तसं वाटत नाही. पण मी हेही म्हणणार नाही की कोणी जाऊच नये. त्याची बेरीज जुळली असती तर मीच त्याला स्टेशनवर सोडायला गेलो असतो.

आणि शेवटचा मूर्ख, जो मला सगळ्यांत जवळचा. हा मास्टर्स करून परत आला. नोकरीच्या व्हिसाला लागणाऱ्या पगाराची अट बसली नाही, मुभा संपली, आला. असे बरेच येतात आणि बहुतेक जण लोकांना सांगतात की आई-वडिलांसाठी आलो. यानं खरं सांगितलं. पहिलं काम मिळायला तीन महिने गेले. खोलीचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं मिळून बापानं दिलेल्या पैशांतला मोठा घास गेला. थंडीत गोदामात रात्रपाळी केली, सकाळच्या तासाला झोप आली, एक विषय राहिला. शिक्षण चांगलं होतं, प्रयोगशाळा चांगल्या होत्या, ते कामाला येतंय. हप्ता अजून चालू आहे, किती तो आकडाही सांगतो. फ्लेक्स लावणाऱ्यांना हे आवडलं नाही. चुलता म्हणाला, गावाचं नाव खराब करतोस, तुझ्या धाकट्या भावाला स्थळं कशी येतील?

तो बोलायचा थांबला नाही. आता ऑफर लेटर आलेली पोरं डिपॉझिट भरायच्या आधी संध्याकाळी त्याच्या घरी येतात. तो वही काढतो, तास लिहितो, भाडं लिहितो, विम्याचा आणि व्याजाचा रकाना पाडतो. त्याची अट एकच आहे. बाप-लेक दोघेच आलेले चालत नाहीत. कर्जाच्या कागदावर ज्यांच्या ज्यांच्या सह्या लागणार आहेत, ते सगळे त्या खोलीत बसलेले पाहिजेत.